कुंपणाबाहेर, समुद्राच्या बाजूला

६ डिसेंबर, बुधवार

दुपारी दोनला पोहोचले. एकतीस नंबरची जागा मिळाली, कड्यावरची, जुन्या दफनभूमीला सगळ्यात जवळची. डिसेंबरात इथे तंबू ठोकायला येतंय कोण? लाटांवर फळ्या घेऊन लोळणारी चार पोरं आणि एक जर्मन जोडपं, बस. तरीही पार्कच्या रेंजरने मला नियम असा वाचून दाखवला, जणू मी घर बांधायला आले आहे.

"चौदा दिवस, बाई. वीस तारखेला दुपारी बाराच्या आत जागा रिकामी हवी."

"मी सतरा वर्षं राहिले आहे इथे. तुम्ही उभे आहात ना, तिथे आमचा गोठा होता."

"तेव्हा नियम नसेल," तो म्हणाला. हचिन्स त्याचं नाव. पन्नाशी उलटलेली, एका पायाने लंगडतो, टोपी काढून बोलतो. एवढं तरी आहे.

फाटकाशी देवमाशाची चरबी कढवायची ती लोखंडी कढई अजून आहे. माझ्या आजोबांच्या हाताची. आता तिच्यात पोरांना बसवून लोक फोटो काढतात. शेजारी काउंटीची पाटी: 'येथे पोर्तुगीज कोळी राहत.' कोळी! आम्ही अझोर्स बेटांवरून आलो ते देवमासे मारायला, आणि देवमासे संपल्यावर गाई पाळल्या. साधा मासा आमच्या घरी विकत यायचा.

पण मी पाटीसाठी आलेली नाही. गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात नोटीस वाचली. कडा ढासळतो आहे, म्हणून दफनभूमीतल्या एक्केचाळीस कबरी उचलून रस्त्यापलीकडे नेणार. यादी बिशपच्या कार्यालयाने दिली आहे. ती यादी कुंपणाच्या आतली आहे.

कुंपणाबाहेर, समुद्राच्या बाजूला, एक आहे. माझ्या थोरल्या बहिणीचं, डेओलिंडाचं मूल. मी तिला माना म्हणते, म्हणजे ताई. लग्नाआधीचं. बाप्तिस्मा न होता गेलं, आणि अशा मुलांना तेव्हा आत जागा नसे. फादर आमाराल यांनी बोटाने बाहेरची जागा दाखवली, बाबांनी खणलं. कबरीवर नाव नाही. डोक्याएवढा एक दगड आहे, त्याला पांढरा रंग दिलेला.

छत्रीने मोजलं. दगडापासून कड्यापर्यंत पाच छत्र्या.

७ डिसेंबर

बिशपच्या कार्यालयात फोन. अकरा मिनिटं भजन ऐकवलं, मग एक बाई आली.

"बाहेरच्या कबरी आमच्याकडे नोंदलेल्या नाहीत, मॅडम."

"नोंदल्या नाहीत कारण तुम्हीच बाहेर काढल्या."

"मी तेव्हा जन्मलेही नव्हते हो."

"तुमचं कार्यालय जन्मलेलं होतं."

ती म्हणाली, चर्च आता या गोष्टीकडे फार मायेने बघतं. मी म्हटलं, माया नको, फावडं पाठवा. तिने मला पुन्हा भजनाला लावलं.

९ डिसेंबर

आज काउंटीची पुरातत्त्ववाली आली, डॉक्टर सोल्बर्ग. उंच, मऊ आवाजाची, बुटांना चिखल. तिने दगड पाहिला, वाकून हात लावला. मला ती आवडणार होती, पण तिने पिशवीतून फॉर्म काढला.

"यादीबाहेरची कबर उचलायची तर जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आई, वडील किंवा अपत्य. पंधरा तारखेपर्यंत, म्हणजे वीसला सगळ्यांबरोबर हेही करता येईल. त्यानंतर माझी माणसं जातात."

"मी मावशी आहे."

"मावशी चालत नाही. मला वाईट वाटतं."

"वाईट वाटून घेऊ नका. मी चौतीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीत काढली आहेत. 'चालत नाही' हे वाक्य मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा म्हटलं आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "आणखी एक सांगायला हवं. इतकी लहान मुलं या मातीत टिकत नाहीत. हाती काही लागेलच असं नाही."

मी तिला ते विचारलं नव्हतं.

१० डिसेंबर

पाऊस. साडेचार छत्र्या.

व्हॅनमध्ये बसून जुने दिवस उकरत होते. कॉन्व्हेंटमध्ये आम्हां बोर्डिंगच्या मुलींना रोजनिशी लिहावी लागे आणि सिस्टर बर्टिला दर शनिवारी ती तपासत. लाल पेन्सिलीने. तेव्हापासून वहीत काय लिहायचं आणि काय नाही याचं वळण लागलं ते लागलं. अक्षर चांगलं, मजकूर स्वच्छ.

माना शाळेत गेली नाही. ती गाईंची. मी पुस्तकांची, शिष्यवृत्तीची, घराण्यातून नन झालीच तर होणारी. त्या वर्षी मला कावीळ झाली म्हणून नोव्हेंबरात घरी आणलं होतं, म्हणून तो सगळा प्रकार माझ्यासमोर घडला. जानेवारीत मूल झालं आणि गेलं. मार्चमध्ये माना घर सोडून टुलेअरला चीजच्या कारखान्यात गेली. जाताना माझं 'मारियेची कन्या' हे चांदीचं पदक घेऊन गेली. वर्गात पहिली आले तेव्हा मिळालेलं, पाठीवर माझी आद्याक्षरं कोरलेली. किती वेळा पत्रात विचारलं. उत्तर नाही. स्वतःची अब्रू गेली म्हणून बहिणीचं पदक न्यायचं, हा कुठला न्याय?

११ डिसेंबर

हचिन्स दोरी बांधायला आला. दोरी आता दगडाच्या अलीकडे, म्हणजे मला दगडापाशी जायचीही बंदी. मी दोरीखालून गेले. तो बघत राहिला, मग आपणही वाकून आला, गुडघा धरून.

"हा दगड रंगवायला एक आजीबाई यायच्या," तो म्हणाला. "दर जानेवारीत. टुलेअरहून बसने. एकतीस नंबरलाच राहायच्या, इवल्याशा तंबूत. रंगाचा डबा, ब्रश आणि गोड पाव. मला अर्धा द्यायच्या."

"किती वर्षं?"

"मी आलो तेव्हापासून एकवीस. त्याआधीचं माहीत नाही. दोन वर्षांमागे फोन केला त्यांनी, पाय चालत नाहीत म्हणून. आता मीच रंगवतो."

"तुम्ही?"

"डबा इथेच ठेवून गेल्यात ना."

म्हणजे बाईसाहेब दर वर्षी येऊन मातृत्व मिरवून गेल्या. मला एका शब्दाने कळवलं नाही. मी गावात तोंड दाखवू शकत नव्हते तिच्या प्रतापांमुळे, आणि ही इथे तंबूत पाव खात बसलेली.

हचिन्स माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होता. "तुमचं कपाळ तसंच आहे," म्हणाला. लोक काहीही बोलतात.

१३ डिसेंबर

पावणेचार छत्र्या. काल रात्री मोठा तुकडा एकदम खाली गेला, आवाजही झाला नाही. सकाळी पाहिलं तर समुद्राने चावा घेतल्यासारखी जागा.

मानाला फोन केला. म्हाताऱ्यांच्या निवासात असते. नऊ वर्षांनी आवाज ऐकला.

"माना, मी लिओ."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. पार्कमधून बोलते आहे. कडा पडतोय. दगडापर्यंत येणार. काउंटीला तुझी सही हवी. मी फॉर्म पाठवते, तिथल्या नर्सच्या संगणकावर. पंधरा तारखेच्या आत."

"कसला फॉर्म?"

मी वाचून दाखवला. 'मी, खाली सही करणारी, शपथपूर्वक सांगते की मी मृताची' आणि पुढे रिकामी जागा.

"त्या जागेत काय लिहायचं?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? आई."

तिकडे टीव्ही चालू होता. म्हणाली, "नाही."

"माना!"

"लिओ, ऐक. फादर आमारालना मी तोंडाने सांगितलं. गावाला गप्प राहून सांगितलं. त्या नुनेसच्या घरून मागणी आलेली, ती परत गेली, तेव्हाही ब्र काढला नाही. पण कागदावर शपथेवर मी खोटं लिहिणार नाही. सत्त्याऐंशी चालू... नाही, किती गं?"

"ऐंशी."

"ऐंशी. वरती आता काय तोंड दाखवू? तू लिही."

"तो समुद्रात जाईल, माना. आठवड्यात जाईल."

"मग लवकर लिही. तुझं अक्षर चांगलं आहे," असं म्हणाली आणि फोन ठेवला.

निर्दयी. सख्खं मूल, आणि सही करत नाही. दगड रंगवायला बरं येतं.

१४ डिसेंबर

म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काहीही शिरतं. मानाच्या डोक्यात शिरलं आहे. मी नर्सशी बोलले, ती म्हणाली, "डेओलिंडा आजी? अहो, त्या पत्त्यांत आम्हां सगळ्यांना हरवतात."

तीन छत्र्या आणि एक वीत.

१५ डिसेंबर

मुदत आज पाचला संपली. मी फॉर्म मांडीवर घेऊन व्हॅनमध्ये बसले होते. पेन उघडलं. झाकलं. शाई वाळली.

जर्मन बाईने सूप आणून दिलं. मी तिला म्हटलं मीठ कमी आहे.

१६ डिसेंबर, शनिवार

सिस्टर बर्टिला वारल्या त्याला एकतीस वर्षं झाली. आज वही तपासायला कुणी येणार नाही.

मूल मानाचं नव्हतं.

लिहिलं. पुढचं एका दमात लिहिते, नाहीतर उद्या हे पान फाडेन.

कावीळ नव्हती. कॉन्व्हेंटच्या बागेत काम करणाऱ्याचा पुतण्या होता, त्याचं नाव इथे लिहिण्याच्या लायकीचं नाही. मदर सुपीरियरनी मला घरी पाठवलं आणि आईला चिठ्ठी दिली. आईने स्वयंपाकघरात ठरवलं, मानासमोर, मी ऐकत असताना. "लिओ शिकते आहे. तिचं सगळं जाईल. तुझं काय जायचंय, तू गाईंची धारच काढणार." माना हात पुसत होती. म्हणाली, "बरं." एवढंच. बावीस वर्षांची होती.

एकोणीस जानेवारी, पहाट. आई होती आणि मी. माना धारेला गेली होती, कारण गाई थांबत नाहीत. मुलगा. निळसर होता. आई पाणी गरम करायला, कपडा आणायला बाहेर पळाली. तो माझ्या छातीवर होता आणि त्याचा श्वास थांबत थांबत येत होता. मला सगळं पाठ होतं. धर्मशिक्षणात मला शंभरपैकी शंभर. प्रसंग पडला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, साधं पाणी लागतं, ठरलेले शब्द लागतात. उशाशी पेला होता. मी पाणी घातलं. शब्द म्हटले, एकही चुकला नाही. नाव ठेवलं. व्हिसेंते. मग तो गेला. आई परत आली तेव्हा मी काही बोलले नाही, कारण बोलायला श्वासच नव्हता.

सकाळी फादर आमाराल आले. मी भिंतीपलीकडे, कावीळ झालेली. त्यांनी मानाला विचारलं, "मुलाला कुणी पाणी घातलं होतं का?" ती तेव्हा गोठ्यात होती, तिला काय माहीत. ती म्हणाली, "नाही, फादर." भिंत फळ्यांची होती. शब्द न् शब्द ऐकू आला. मला फक्त उठायचं होतं. चार पावलं. दार उघडून म्हणायचं, घातलं, मी घातलं, त्याला नाव आहे, त्याला आत घ्या.

उठले असते तर फादरनी माझ्याकडे पाहिलं असतं. गाऊन पुढून ओला होता.

मी पडून राहिले. खिळे ठोकल्याचा आवाज ऐकला, चीजचं खोकं होतं. मग बाबांच्या फावड्याचा, बाहेरून.

बाप्तिस्मा झालेल्या मुलाला मी कुंपणाबाहेर ठेवलं. अठ्ठावन्न वर्षं. नन व्हायचं जमलं नाही, कारण आधी कबुली द्यावी लागली असती. मग नोंदणी कार्यालयात लागले आणि सगळ्या काउंटीच्या मुलांची नावं लिहिली.

बिशपवर ओरडले. त्या फोनवरच्या पोरीवर ओरडले. बिचारी तेव्हा जन्मलीही नव्हती.

अडीच छत्र्या.

१७ डिसेंबर

सकाळी फॉर्म भरला. 'मृताची': आई. 'मृताचे नाव': व्हिसेंते सिल्व्हेरा. हचिन्सच्या खोलीवर नेऊन टेबलावर ठेवला.

त्याने वाचला. चष्मा काढला, परत घातला. नवं काही कळल्यासारखा चेहरा नव्हता त्याचा.

"मुदत परवाच संपली," मी म्हणाले. "मला माहीत आहे. चालत नाही, हेही माहीत आहे."

तो शिक्का उचलून बघत बसला. "च्यायला. शुक्रवारपासून याची तारीख बदलायचीच राहिली." आणि दाणकन मारला. १५ डिसेंबर.

चौतीस वर्षांत मी एकाही कागदावर खोटी तारीख खपवून घेतली नाही. एका क्लार्कला तेवढ्यासाठी घरी पाठवलं होतं, दोन मुलं होती त्याला. आज तोंडातून चकार शब्द काढला नाही.

"त्या आजींनी कधी सांगितलं होतं तुम्हांला काही?" दारात विचारलं.

"नाही. एकदा फक्त म्हणाल्या, 'हे ज्याचं काम आहे तो येईपर्यंत मी करते आहे.' मी म्हटलं, कोण? तर पाव दिला."

१८ डिसेंबर

सोल्बर्गबाईंना शिक्क्याची तारीख दिसली, शाई ताजी दिसली, आणि त्यांनी कागद फाइलमध्ये घातला. पण वीसच्या आधी जमत नाही म्हणाल्या. आतल्या कबरी ओळीने चालल्या आहेत. वीसला सकाळी, सगळ्यांत आधी.

"वीसला सकाळी उधाण आहे," मी म्हणाले. "फाटकावर तक्ता लावलाय."

"हो."

दोन छत्र्यांना चार बोटं कमी.

१९ डिसेंबर

वारा. दोरीचे खुंट उपटून गेले. सव्वा छत्री. मी दुपारभर दगडापाशी बसले, छत्री उघडी धरून, जणू छत्रीने समुद्र थांबतो. हचिन्सने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा येऊन वाळूच्या पोत्यावर शेजारी बसला. मी त्याला विचारलं, कपाळ कुणाचं. म्हणाला, तुमच्या बहिणीचं.

जपमाळ म्हणायला घेतली. पहिल्या मण्यालाच ती खिशात ठेवली. कुणाकडे काय मागणार, आणि कोणत्या तोंडाने? एवढंच म्हणत राहिले: आणखी एक दिवस, बाकी माझ्या नावावर मांड.

२० डिसेंबर

सहाला उजाडायच्या आत चौघं आली. पाणी कड्याच्या पायथ्याशी धडकत होतं, प्रत्येक लाटेला पायाखाली जमीन दचकत होती. सोल्बर्गबाईंनी कमरेला दोर बांधला, हचिन्सने तो आपल्या जीपला बांधला. मला कुंपणाच्या आत उभं केलं. आत. मी कुंपणाच्या फळ्या धरून उभी.

त्यांनी दगड बाजूला घेतला. खणलं. छोट्या थापीने, मग हाताने. सातच्या सुमारास दगडाच्या समुद्राकडची सगळी माती एका झटक्यात गेली. कुणीतरी ओरडलं. सोल्बर्गबाई गुडघ्यांवर होत्या, त्या हलल्या नाहीत.

मग त्यांनी हात वर केला. तो हात रिकामा होता.

"मिस सिल्व्हेरा," त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, "खोक्याचे खिळे आहेत. मातीचा रंग वेगळा आहे, तेवढी सगळी माती आम्ही उचलली. बाकी काही उरलेलं नाही. मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"आणि हे होतं. मधोमध."

तळहातावर काळं पडलेलं चकतीसारखं काही. त्यांनी अंगठ्याने पुसलं. एका बाजूला मारिया. दुसऱ्या बाजूला माझी दोन अक्षरं.

आठ वाजून दहा मिनिटांनी जागा गेली. दगड हचिन्सने आधीच माझ्या व्हॅनपाशी आणून ठेवला होता.

माती एका पेटीत आहे. बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी. जानेवारीत रस्त्यापलीकडे सगळ्यांबरोबर पुरतील, तोवर काउंटीच्या कपाटात. अर्धा तास मांडीवर दिली होती.

मग मानाला फोन केला.

"माना. पदक सापडलं."

"हं. चोर सापडला म्हण."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? पत्रं काय होती तुझी! 'माझं पदक परत कर.' त्याच्याबरोबर आईचं काहीतरी जायला हवं होतं, लिओ. आई काही उठून येत नव्हती."

मी तेव्हा तिला सांगितलं. पेला, पाणी, शब्द. नाव. भिंत.

तिने टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे मी फादरना 'नाही' म्हटलं," ती म्हणाली, "तेव्हा झालेला होता?"

"हो."

"आणि तू ऐकत होतीस?"

"हो."

"म्हणजे तो माझ्या शब्दावर बाहेर गेला."

"माझ्या गप्प बसण्यावर."

"इतकी वर्षं मी त्या दगडापाशी येऊन म्हणत होते, देवा, याला नाव नाही, याला तूच ओळखून घे." मग तिने ते नाव पहिल्यांदा उच्चारलं. "व्हिसेंते. हे तू मला एका पोस्टकार्डावर लिहू शकली असतीस."

मला वाटलं ती फोन ठेवेल. ठेवावाच असं वाटलं.

"ठेवू नकोस," ती म्हणाली. "मला तुझ्याशी बोलायचं नाहीये. पण ठेवू नकोस."

मी धरून बसले. तिकडे तिचा श्वास, इकडे समुद्र. बारा वाजले तेव्हा हचिन्स जागा रिकामी झाली का बघायला आला, काचेतून पाहिलं, आणि दगडावर बसला. हातात रंगाचा डबा होता. एक वाजला तरी मी फोन कानाला लावूनच होते, आणि ती होती.